उभ्या गाडीची बॅटरी आणि नगरचे ऊन

गळीत हंगाम संपला की नगर जिल्ह्यातल्या रस्त्यांवरची वर्दळ एकदम ओसरते. दिवाळीच्या आसपास सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत प्रवरानगर, संगमनेर, कोपरगाव, नेवासा, श्रीगोंदा या पट्ट्यात रात्रंदिवस धावणारे ट्रक, ट्रॅक्टर आणि ऊसतोडणी यंत्रे मळ्यात, वस्तीवर, पत्र्याच्या शेडखाली येऊन उभी राहतात. ट्रॅक्टरला निदान नांगरणी-पेरणीचे काम असते. हार्वेस्टर मात्र पुढच्या हंगामापर्यंत जागचे हलत नाही. पारनेर, अकोले आणि संगमनेरच्या पठार भागात तर कितीतरी घरे अशी आहेत की माणसे नोकरीसाठी मुंबई-पुण्याला आणि गावाकडे एक गाडी कव्हर घालून उभी. यात्रा, गणपती, लग्नसराई आली की तिची आठवण होते. मग चावी फिरवावी तर बॉनेटखालून नुसता 'टक्' असा आवाज येतो. बॅटरी उतरलेली असते.

घरात वीज असेल तर चार्जर लावून ठेवण्याचा सोपा मार्ग आहे. वस्तीवर तो बऱ्याचदा नसतो. शेतीच्या फीडरला ठरावीक तासच वीज, तीही कधी दिवसा तर कधी रात्री. वळवाच्या पावसात तार तुटते, डीपी जळाली की दुरुस्त होऊन येईपर्यंत सगळी वस्ती अंधारात. बंद घरात तर माणसे मेन स्विच पाडूनच जातात, आणि तेच योग्यही आहे. तेव्हा प्रश्न असा उरतो की प्लगशिवाय सहा-सहा महिने बॅटरी भरलेली कशी ठेवायची. याचे उत्तर अवघड नाही आणि महागही नाही. पण त्यासाठी बॅटरी नेमकी कशाने मरते ते आधी कळायला हवे.

आपल्या गाड्यांमधली शिसे-आम्ल बॅटरी ही गास्तों प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाची १८५९ सालची देणगी. काळ्या डब्यात सहा कप्पे असतात. प्रत्येक कप्पा साधारण २.१ व्होल्ट देतो, सहा मिळून १२.६. एका प्लेटवर शिसे, दुसरीवर शिशाचा डायऑक्साइड, मध्ये पाण्यात मिसळलेले सल्फ्युरिक आम्ल. बॅटरीतून करंट ओढला की दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट जमू लागते, आणि चार्जिंग केले की ते मोडून आम्ल पुन्हा पाण्यात उतरते. ही ये-जा शेकडो वेळा होऊ शकते, अट एवढीच की सल्फेट ताजे असायला हवे. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात हे सांगणे सोपे आहे: पिठीसाखर पाण्यात पडताच विरघळते, खडीसाखर ढवळूनही लवकर विरघळत नाही. नुकतेच जमलेले सल्फेट पिठीसारखे बारीक असते. बॅटरी अर्धी रिकामी अशीच आठवडेच्या आठवडे पडून राहिली की ते कण एकमेकांना धरून मोठे, टणक खडे होतात आणि मग चार्जरलाही दाद देत नाहीत. प्लेटचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. याला सल्फेशन म्हणतात. गाडी वापरली नाही म्हणून बॅटरी खराब झाली असे आपण म्हणतो; खरे कारण ती रिकामी पडून राहिली हे असते. पूर्ण भरलेली बॅटरी कित्येक महिने सुखाने बसून राहते.

ती रिकामी होते दोन वाटांनी. पहिली वाट आतली आहे. काही न जोडताही बॅटरी हळूहळू उतरते. २५ अंश तापमानाला हे प्रमाण महिन्याला साधारण तीन ते पाच टक्के असते. तापमान दहा अंशांनी वाढले की ते जवळपास दुप्पट होते. दुसरी वाट गाडीच्या तारांतून जाते. गाडी बंद असली तरी घड्याळ, सायरन, रिमोटची वाट पाहणारे लॉक, इंजिनाच्या कॉम्प्युटरची स्मृती ही सगळी मंडळी थोडा थोडा करंट पीत असतात. आजच्या गाडीत हा करंट २० ते ५० मिलिअँपिअरच्या घरात असतो. जीपीएस ट्रॅकर बसवला असेल तर आणखी थोडा.

हा आकडा किरकोळ वाटतो, म्हणून जरा हिशेब मांडू. ५० मिलिअँपिअर चोवीस तास म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास. छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची धरली तर पंधरा दिवसांत ती निम्मी होते. आता आतल्या गळतीचा हिशेब पाहा. महिन्याला पाच टक्के म्हणजे पावणेदोन अँपिअर-तास, दिवसाला ०.०६. तारांतून होणारी गळती याच्या वीसपट आहे. उन्हाळ्यात आतली गळती चौपट झाली तरी तिची बरोबरी होत नाही. म्हणून उभ्या गाडीसाठी सगळ्यात मोठा, फुकटचा आणि दोन मिनिटांचा उपाय म्हणजे बॅटरीची तार काढणे. सोलरचा विचार त्यानंतर.

तार काढताना क्रम पाळावा. आधी निगेटिव्ह, म्हणजे काळी. गाडीचा सगळा सांगाडा निगेटिव्हला जोडलेला असतो. आधी पॉझिटिव्ह सोडायला गेलात आणि पाना कुठे बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट होऊन ठिणगी उडते, आणि बॅटरीजवळ हायड्रोजन असू शकतो. निगेटिव्ह सुटलेली असली की पाना कुठेही टेकला तरी काही बिघडत नाही. जोडताना उलटे, आधी लाल, मग काळी. बहुतेक छोट्या गाड्यांना दहा नंबरचा पाना पुरतो. सुटलेल्या तारेचे तोंड कापडाने गुंडाळून बाजूला बांधावे, नाहीतर ती स्प्रिंगसारखी परत येऊन टर्मिनलला टेकते. एक गोष्ट विसरू नये: बॅटरी सुटली की रिमोट चालत नाही. दार चावीने उघडते याची आधीच खात्री करावी आणि चावी चुकूनही डिकीत ठेवू नये. घड्याळ पुन्हा लावावे लागेल, रेडिओ कोड मागेल, इंजिन पहिली काही मिनिटे थोडे वेडेवाकडे चालेल. एवढेच. ट्रॅक्टर, ट्रक, जेसीबी यांना कट-ऑफ स्विच बसवतात तो याचसाठी. नसेल तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्यावा.

आपल्या गाडीची गळती किती ते पाहायचे असेल तर मल्टिमीटर लागतो. हल्ली तो वस्तीवरच्या मोटर दुरुस्त करणाऱ्याकडेही असतो. मीटर दहा अँपिअरच्या खाचेवर लावावा, निगेटिव्ह तार सोडून टर्मिनल आणि तार यांच्यामध्ये मीटरच्या दोन सुया धराव्यात. सुरुवातीला आकडा मोठा दिसेल, घाबरू नये. गाडीतले कॉम्प्युटर झोपी जायला अर्धा-पाऊण तास लागतो. त्यानंतर दिसतो तो खरा आकडा. ०.०५ च्या आत असेल तर ठीक. ०.३ दिसला तर कुठेतरी दिवा लागलेला आहे, रिले अडकला आहे किंवा बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टिम चुकीच्या तारेवर आहे. मीटर मध्ये असताना सेल्फ मात्र मारू नये. सेल्फ शंभर अँपिअरच्या वर ओढतो आणि मीटरचा फ्यूज जातो.

व्होल्टेज वाचणे त्याहून सोपे. गाडी बंद करून रात्रभर जाऊ द्यावी आणि सकाळी मोजावे. १२.६ किंवा वर असेल तर बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ म्हणजे जेमतेम चतुर्थांश. अनेकांना १२ व्होल्ट दिसले की बॅटरी भरलेली वाटते, आणि इथेच घोटाळा होतो. उभ्या गाडीत १२.४ च्या खाली जाऊ द्यायचे नाही, हा एक आकडा लक्षात ठेवला तरी पुरे.

आठवड्यातून एकदा गाडी सुरू करून दहा मिनिटे चालू ठेवा, हा सल्ला आपल्याकडे सगळीकडे दिला जातो. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा तर घरोघरी हेच चालले होते. हा सल्ला मला पटत नाही, आणि कारण पुन्हा हिशेबातच आहे. सेल्फ मारायला लागणारी वीज फार नसते. दीडशे अँपिअर पण अवघे दोन सेकंद. खरा खड्डा आठवडाभराच्या गळतीने पडलेला असतो, साधारण आठ अँपिअर-तासांचा. जागेवर मंद चालणाऱ्या इंजिनाच्या अल्टरनेटरने पंधरा अँपिअर दिले असे धरले, तरी दहा मिनिटांत भरतात अडीच. म्हणजे दर आठवड्याला सहाचा तोटा. महिन्या-दीड महिन्यात बॅटरी तळाला. शिवाय थंड इंजिन थोडेच चालवले की सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये पाणी धरते. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवणे तर जिवाशी खेळ आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. चालवायचीच असेल तर गावातल्या कोणाकडे चावी द्यावी आणि गाडी रस्त्यावर तासभर फिरवून आणायला सांगावी. दर पंधरा दिवसांनी गावाहून नगरच्या बाजारापर्यंत एक चक्कर झाली, तर पॅनेलचीही गरज नाही.

तार सोडली, आता उरली आतली गळती, आणि तिचा खरा शत्रू उष्णता. मे महिन्यात नगरचा पारा चाळिशीच्या पुढे जातो. पत्र्याच्या शेडखाली बॉनेट बंद असेल तर आत त्याहून जास्त. बॅटरी काढून घरात ठेवता आली तर फार बरे. जिल्ह्यात अजून जी माळवदाची, जाड मातीच्या भिंतींची घरे उरली आहेत, त्यांतली आतली खोली या कामाला उत्तम. शेड आणि खोली यांत पंधरा अंशांचा फरक असेल तर गळती निम्म्याहून कमी होते. शिवाय रानात उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी चोरीला जाण्याची धास्तीही संपते. बॅटरी फरशीवर ठेवली की उतरते, असे जुने लोक सांगतात. पूर्वीच्या कडक रबराच्या आणि लाकडी पेट्यांच्या काळात त्यात तथ्य होते. आजच्या प्लॅस्टिकच्या डब्याला फरशी आणि फळी सारखीच. अशी पूर्ण भरून, तार काढून, थंड जागी ठेवलेली चांगली बॅटरी तीन-चार महिने सहज निघते. चार महिन्यांनी एकदा चार्ज करून आणली की पुन्हा तेवढीच.

पण प्रत्येकाला तार सोडता येत नाही. गाडीला ट्रॅकर हवा असतो, सायरन चालू ठेवायचा असतो, किंवा वर्षभर कोणी फिरकणार नसते. तिथे सोलर पॅनेल. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीत सुरू झाली. ज्या उन्हावर तिथे पंप चालवायचे ठरले, त्यातला वहीएवढा तुकडा एका गाडीला पुरतो. पठारावर वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला सुमारे पाच तासांचे पूर्ण ऊन हाती लागते. दहा वॅटचे पॅनेल भर उन्हात अर्ध्या अँपिअरच्या थोडे वर देते. पाच तासांचे अडीच अँपिअर-तास झाले, धूळ आणि उष्णतेची तूट काढून दोन धरू. गाडीची रोजची गळती १.२. म्हणजे दहा वॅट पुरतात, वीस वॅट घेतले तर निर्धास्त.

यात एक मेख आहे. '१२ व्होल्टचे' म्हणून मिळणारे पॅनेल प्रत्यक्षात १२ व्होल्टचे नसते. त्यात ३६ सेल असतात आणि काही न जोडता मोजले तर २१-२२ व्होल्ट दिसतात. पत्र्यावर तापल्यावर पॅनेलचे व्होल्टेज घसरते, तेव्हाही ते बॅटरीच्या वर राहावे म्हणून ही वाढीव सोय. पण असे पॅनेल थेट बॅटरीला जोडून सहा महिने सोडले तर भरलेल्या बॅटरीतही ते करंट ढकलत राहते. व्होल्टेज १४.४ च्या वर गेले की आतले पाणी फुटून हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन उडून जाते आणि प्लेटा उघड्या पडतात. म्हणून मध्ये चार्ज कंट्रोलर हवाच. बॅटरी भरली की तो १३.५ च्या आसपास धरून ठेवतो आणि रात्री उलटा करंट पॅनेलकडे जाऊ देत नाही. उन्हाळ्यात हा आकडा थोडा कमी हवा, म्हणून तापमानाप्रमाणे व्होल्टेज बदलणारा कंट्रोलर मिळाला तर तोच घ्यावा. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. सोडताना आधी पॅनेल. पॉझिटिव्हच्या तारेत बॅटरीजवळच पाच अँपिअरचा फ्यूज टाकावा. पत्र्याच्या धारेने तारेचे कातडे सोलले तर आग लागण्याऐवजी फ्यूज जाईल.

पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, जमिनीशी सुमारे वीस अंशांचा उतार देऊन बांधावे. नगरचा अक्षांशही एकोणीसच्या आसपास आहे. वावटळीत उडणार नाही असे घट्ट बांधावे. लिंबाच्या फांदीची सावली एका कोपऱ्यावर पडली तरी उत्पन्न निम्म्याखाली जाऊ शकते. काचेआड, डॅशबोर्डवर ठेवायची तयार पॅनेले मिळतात. उभी काच आणि कव्हर यांमुळे त्यांच्या हाती फारसे ऊन लागत नाही. ती सिगारेट लायटरच्या खाचेत लावतात, आणि कित्येक गाड्यांत ही खाच चावी काढताच बंद होते. मग पॅनेल दिवसभर तापते आणि बॅटरीला थेंबही मिळत नाही. तार थेट टर्मिनलवर आणावी हे उत्तम.

रानडुकरांना रोखायला कुंपणाला झटका मशीन लावलेले शेतकरी आता तालुक्या-तालुक्यात आहेत. त्यांच्याकडे पॅनेल आधीच असते. पीक निघाल्यावर मशीन घरात येते, तेव्हा तेच पॅनेल गाडीला लावता येते. काही मशीनचा चार्ज कंट्रोलर आतच असतो, म्हणून गाडीसाठी वेगळा कंट्रोलर घ्यावा लागेल.

सौर पंपाच्या पॅनेलांना मात्र हात लावू नये. ती एकामागे एक जोडलेली असतात आणि त्या साखळीत शेकडो व्होल्टचा डीसी असतो. डीसीची ठिणगी तार ओढली तरी सहज विझत नाही, आणि झटका बसला तर जिवावर बेतू शकते. 'एवढे पॅनेल आहेतच, त्यातून बॅटरीला दोन तारा काढू' असे कोणी सुचवले तर त्याला थांबवावे.

हा सगळा हिशेब पारनेर, कर्जत, जामखेड या कमी पावसाच्या भागाचा आहे. अकोले तालुक्याच्या पश्चिमेला भंडारदरा, रतनवाडी, घाटघर इथे पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे सूर्य दिसत नाही. दाट ढगात पॅनेल चतुर्थांशाहून कमी देते. तिथे चाळीस वॅटचे पॅनेल घ्यावे, किंवा जूनमध्ये तार सोडून बॅटरी घरात आणावी. मला दुसरा मार्ग जास्त भरवशाचा वाटतो, कारण स्वस्त कंट्रोलर स्वतःही थोडा करंट खातो आणि ऊन नसताना तो बॅटरीतूनच घेतो.

ज्या ट्रक-हार्वेस्टरमध्ये दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात, तिथे पॅनेल आणि कंट्रोलरही २४ व्होल्टचाच हवा. एकाच बॅटरीला बाराचे पॅनेल लावले तर ती भरत राहते आणि दुसरी उपाशी राहते, आणि असमान जोडी लवकर मरते. इलेक्ट्रिक गाडी घेतलेल्यांनीही आपली सुटका झाली असे समजू नये. तिच्यातही १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते, आणि ती उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी उठत नाही.

पाण्याचे झाकण असलेल्या बॅटरीत गाडी उभी करण्याआधी पातळी पाहावी. प्लेटा बुडालेल्या असाव्यात. टाकायचे ते फक्त डिस्टिल्ड वॉटर. आपल्या बोअरच्या पाण्यातले क्षार बॅटरीत जाऊन बसतात आणि गळती वाढवतात. आम्ल वरून कधीही टाकू नये; उडते ते पाणी, आम्ल आतच असते. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवावा, कोरडे करून व्हॅसलीन लावावे. हे करताना बिडी, काडी जवळ नको.

बॅटरी पूर्ण उतरल्यावर मात्र दहा वॅटच्या पॅनेलकडून चमत्काराची अपेक्षा करू नये. ३५ अँपिअर-तास भरायला त्याला दोन-अडीच आठवडे लागतील, आणि फारच उतरलेली बॅटरी असेल तर कंट्रोलर जागाच होत नाही. ती दुकानात नेऊन साडेतीन अँपिअरने सावकाश चार्ज करून घ्यावी. म्हणून सोलर लावायचे ते बॅटरी काठोकाठ भरून. जुन्या ट्रॅक्टरला हँडल होते, उतारावरून ढकलला तरी चालू व्हायचा. आजच्या गाडीचे इंधन पंप आणि कॉम्प्युटर बॅटरीवर चालतात, आणि ऑटोमॅटिक गिअरची गाडी तर ढकलून सुरूच होत नाही.

इतके करूनही चार-पाच वर्षांत बॅटरीचे आयुष्य संपणारच. तेव्हा ती फोडून आम्ल ओढ्यात ओतणाऱ्याच्या हाती देऊ नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुनी बॅटरी परत घेऊन शिसे पुन्हा वापरात आणण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि नवी घेताना दुकानदार जुनीचे पैसे वजा करून देतो. जुनी बॅटरी तिथेच द्या, आणि नवी बसवाल त्या दिवशी सोबत दहा नंबरचा एक पाना घेऊन गाडीत ठेवा.